पायातली शीर बंद केली तर रक्त वर जाणार कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आईंची खानावळ आहे, वय ५४, सकाळपासून शेगडीपुढे उभ्या. डाव्या पायाच्या शिरा गेली काही वर्षं फुगलेल्या आहेत, आता घोट्याच्या वर आतल्या बाजूला कातडी काळपट पडलीये आणि खाज सुटते. सर्जनने आधी डॉपलर (शिरांतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करून घेऊन मग लेसरने शीर बंद करायला सांगितलंय. घरात मामा म्हणतायत अशुद्ध रक्त साठलंय, जळवा लावून काढून टाका, शेजारच्या काकू म्हणतायत तेलाने रगडून शिरा मोकळ्या करा, आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा की शीरच बंद केली तर पायातलं रक्त वर जाणार कुठून.

मी सर्जन आहे, पायाच्या शिरांचंच काम बरीच वर्षं करतोय, आणि हा प्रश्न मला ओपीडीत जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं. मला तो फार आवडतो कारण ज्याला याचं उत्तर नीट समजलं त्याला अख्खा आजारच समजला, मग स्टॉकिंग (पायावर दाब देणारे घट्ट मोजे) का घालायचे, पाय वर का ठेवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी सरळ उत्तर देतो. रक्त आतल्या शिरांमधून जाणार, आणि आत्ताही ते तिथूनच जातंय. पायात शिरांचे दोन थर असतात, एक कातडीखालच्या, ज्या आपल्याला दिसतात, आणि दुसऱ्या आत स्नायूंच्या मध्ये हाडाजवळून जाणाऱ्या ज्या कधीच दिसत नाहीत. पायातलं साधारण ९० टक्के रक्त या आतल्या शिरांतून वर जातं. कातडीखालची जी मोठी शीर आहे, जी आतल्या घोट्याच्या पुढून निघते आणि मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते, शरीरातली सगळ्यात लांब शीर, तिला ग्रेट सॅफेनस म्हणतात, ती मुळात थोडंच काम करते. आणि आईंच्या बाबतीत ती बिघडली असेल (वर्णनावरून तसंच वाटतंय, पण मी तपासलेलं नाही) तर ती रक्त वर नेतच नाहीये, उलटं खाली आणतेय. म्हणजे बंद करायची आहे ती रक्त चुकीच्या दिशेने सोडणारी वाट.

आता हे उलटं कसं होतं ते समजायला जरा मागून सुरुवात करू.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि आराम करत असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटरच रक्त ढकलतं, म्हणजे ढोबळ हिशेबाने सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. हृदयातून निघालेली मुख्य धमनी, महाधमनी, अडीच सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते, तिच्या भिंतीत लवचिक तंतू भरपूर. ठोका पडला की ती ताणते आणि ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे ढकलत राहते, म्हणून हृदय थांबत थांबत काम करत असलं तरी बोटाच्या टोकाला रक्त सतत वाहतं. पुढे फांद्या फुटत जातात, सगळ्यात शेवटच्या बारीक धमन्यांच्या भिंतीत गोल स्नायू असतात आणि खरं ट्रॅफिक कंट्रोल तिथे होतं. जेवण झालं की आतड्याकडच्या उघडतात, पळायला लागलं की पायाच्या उघडतात, थंडी वाजली की कातडीच्या बंद होतात. या उघडझापीत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा मोठा हात आहे, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि त्याने स्नायू सैल पडतो. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी याच रस्त्याने काम करते.

त्याच्यापुढे केशवाहिन्या. इतक्या बारीक की ७-८ मायक्रॉनच्या लाल पेशीला बऱ्याच ठिकाणी अंग दुमडून जावं लागतं. इथे रक्ताचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी होतो कारण एकेक वाहिनी बारीक असली तरी सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड होते, आणि हे हळू होणंच गरजेचं आहे, ऑक्सिजन द्यायला आणि कचरा घ्यायला वेळ मिळतो. विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने १६२८ साली रक्त गोल फिरतं हे पुस्तक लिहून मांडलं पण धमनीतून शिरेत ते नक्की कसं जातं हे त्याला दिसलं नव्हतं, केशवाहिन्या १६६१ साली माल्पिघी या इटालियन डॉक्टरने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, हार्वे तोपर्यंत वारला होता.

आणि मग शिरा. इथे लोकांचा समज असा असतो की शिरा म्हणजे नुसता परतीचा रस्ता. तसं नाहीये. शरीरातलं ६० ते ७० टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. शिरेची भिंत पातळ, स्नायू कमी, त्यामुळे थोड्याशा दाबाने ती खूप फुगू शकते आणि भरपूर रक्त सामावून घेते. रक्तस्राव झाला की शरीर शिरा आवळून तो साठा हृदयाकडे पाठवतं, म्हणून ३५० मिली रक्तदान करून माणूस चहा-बिस्किट खाऊन चालत घरी जातो. पण हीच फुगण्याची सवय पायात अंगाशी येते, कारण आपण दोन पायांवर उभे राहतो.

धमनीत दाब १२०/८० असतो हे सगळ्यांना माहीत आहे. केशवाहिन्या ओलांडून शिरेत येईपर्यंत तो झोपलेल्या माणसात १०-१५ वर आलेला असतो आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याशी जवळजवळ शून्य. आता माणूस उभा राहिला. हृदयापासून घोट्यापर्यंत एक ते सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ तयार झाला आणि त्याचं वजन घोट्याजवळच्या शिरेवर पडलं, दाब ८० ते ९० मिलिमीटरच्या (बीपीसारखाच पाऱ्यात मोजलेला) आसपास गेला. हे सगळ्यांत होतं, तुमच्यात, माझ्यात, पैलवानातसुद्धा.

इथे एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकीची लिहिलेली असते म्हणून मुद्दाम सांगतो. लोक लिहितात की गुरुत्वाकर्षणामुळे रक्त वर चढू शकत नाही. असं नाहीये. उभं राहिल्यावर जेवढा दाब शिरेत वाढतो तेवढाच पायाच्या धमनीतही वाढतो, तिकडे तो सरासरी १८० पर्यंत जातो, त्यामुळे धमनी आणि शीर यांच्यातला फरक तसाच राहतो आणि रक्त वर जातच राहतं. पुतळ्यासारखं उभं राहिलं तरी ते थांबत नाही. त्रास रक्त न चढण्याचा नाही, त्रास त्या ९० च्या दाबाचा आहे, जो तासन्‌तास घोट्याजवळच्या नाजूक केशवाहिन्यांवर बसून राहतो, आणि शिवाय अर्धा लिटरच्या आसपास रक्त छातीतून खाली पायात उतरतं. म्हणूनच परेडमध्ये ताठ उभा राहिलेला जवान किंवा उन्हात प्रार्थनेला उभं केलेलं पोरगं चक्कर येऊन पडतं. आडवं झालं की रक्त मेंदूकडे परत येतं आणि ते शुद्धीवर येतं, तेव्हा अशा माणसाला धरून उभं करू नका, झोपवा आणि पाय वर करा.

मग हा ९० चा दाब कमी कोण करतं? पोटरी. डॉक्टर लोक पोटरीला दुसरं हृदय म्हणतात आणि ते खरंच आहे. पोटरीच्या स्नायूंमध्ये मोठ्या शिरा आहेत, पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, आतला दाब २०० च्या वर जाऊ शकतो आणि त्यातलं रक्त पिळून वर फेकलं जातं. तळव्यातल्या शिरांचंही तसंच, पाय टेकला की त्या रिकाम्या होतात. स्नायू सैल पडला की आतल्या शिरेत दाब एकदम उतरतो आणि कातडीखालच्या शिरांतलं रक्त मधल्या जोडशिरांमधून आत खेचलं जातं. पाच-दहा पावलं चाललं की घोट्याजवळचा दाब ९० वरून ३० च्या खाली येतो! थांबलात की तो परत भरायला निरोगी माणसात वीस सेकंदांपेक्षा जास्त लागतात कारण रक्त फक्त केशवाहिन्यांमधून थेंबाथेंबाने येत असतं. श्वासाचाही हातभार आहे, श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो आणि रक्त वर ओढलं जातं.

पण हे सगळं चालतं ते झडपांच्या जोरावर. शिरेच्या आत ठरावीक अंतरावर दोन पातळ पाकळ्यांच्या झडपा असतात, वर तोंड केलेल्या शर्टाच्या खिशासारख्या. रक्त वर जाताना त्या भिंतीला चिकटतात, खाली यायला लागलं की खिशात रक्त भरतं आणि दोन्ही पाकळ्या एकमेकींना टेकून रस्ता बंद. खाली पायात झडपा जास्त, वर मांडीत कमी, आणि पोटातल्या महाशिरेत एकही नाही. जोडशिरांतल्या झडपा रक्त फक्त बाहेरून आत जाऊ देतात.

हे तुम्ही स्वतः आत्ता बघू शकता, हार्वेने पुस्तकात हेच दाखवलंय. हात खाली लोंबकळता ठेवा म्हणजे मनगटाच्या वरच्या शिरा टम्म दिसतील. एका ठळक शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरा, आणि दुसऱ्या बोटाने शिरेतलं रक्त कोपराकडे सारत न्या, वाटेत एखादी गाठ दिसते तिच्या पुढपर्यंत. मग दुसरं बोट उचला. पहिलं बोट आणि ती गाठ यांच्या मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही. ती गाठ म्हणजे झडप. आता पहिलं बोट उचला, खालून रक्त येऊन तुकडा लगेच भरतो. झडपा हार्वेच्या गुरूने, पादुआच्या फॅब्रिसियसने आधीच पाहिल्या होत्या आणि त्यावर १६०३ साली लिहिलंही होतं, पण त्याला वाटलं की त्या रक्त फार जोरात खाली जाऊ नये म्हणून आहेत. विद्यार्थ्याने बोट दाबून बघितलं आणि दिशाच उलटी निघाली.

आता आईंच्या पायात काय झालं असेल. भिंत सैल पडते, शीर रुंद होते, झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना पोचेनाशा होतात. कारणं बरीच आहेत. घराण्यात असणं हे सगळ्यात मोठं, आजीला किंवा मावशीला होतं का ते विचारा. बाळंतपणं हे दुसरं, कारण गरोदरपणात रक्त वाढतं, हार्मोनने शिरा सैल होतात आणि गर्भाशय पोटातल्या शिरांवर दाबतं. वय, वजन, पूर्वी पायात गुठळी होऊन गेलेली असणं. आणि उभ्याचं काम. मी सगळ्यात जास्त पेशंट यंत्रमागावरचे कामगार, सलूनवाले, शिक्षक, ट्रॅफिक पोलीस, कंडक्टर आणि खानावळी-हॉटेलात पोळ्या लाटणाऱ्या बायका यांच्यातले बघतो. उभ्याच्या कामाने एकट्याने आजार होतो असं मी म्हणणार नाही, पण ज्याच्या भिंती मुळात सैल आहेत त्याचं भलतंच नुकसान करतं. डाव्या पायाला थोडं जास्त का, तर पोटात डाव्या पायाची शीर उजव्या पायाच्या धमनीच्या खालून जाते आणि तिथे दाबली जाते, काही जणांमध्ये बरीच.

झडप बिघडली की होतं असं की आई उभ्या राहिल्या की जांघेशी, जिथे कातडीखालची मोठी शीर आतल्या शिरेला मिळते, तिथून रक्त उलटं खाली कोसळतं, थेट घोट्यापर्यंत. मग ते जोडशिरांतून आत जातं, आतल्या शिरेतून पोटरी ते परत वर पाठवते, जांघेशी पोचलं की त्यातलं काही परत खाली. तेच रक्त पायातल्या पायात गोल फिरत राहतं. हे चक्र ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १८९० च्या सुमाराला ओळखलं आणि मांडीत ती शीर बांधून टाकायचं ऑपरेशन सुरू केलं. पोटरी काम करतेय पण कितीही चाललं तरी घोट्याजवळचा दाब हवा तेवढा उतरत नाही, आणि थांबलं की काही सेकंदांतच परत चढतो.

मग तो चढलेला दाब केशवाहिन्यांवर येतो. आधी पाणी बाहेर झिरपतं, संध्याकाळी पाय सुजतो, चपलेचा पट्टा रुततो, सकाळी उतरलेला असतो. नंतर लाल पेशी पण बाहेर निसटतात, त्या फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं, तो काळपट-तपकिरी डाग म्हणजे हेच लोह. खाज येते, खाजवलं की इसब होतो, हळूहळू खालची चरबी घट्ट होते आणि एक दिवस एवढ्याशा ओरखड्याची जखम होते जी महिनोन्‌महिने भरत नाही. आम्ही या आजाराच्या शून्य ते सहा अशा पायऱ्या मोजतो, नुसत्या बारीक लाल-निळ्या रेषा ही एक, फुगलेल्या शिरा दोन, सूज तीन, कातडीचा बदल चार, भरलेली जखम पाच आणि उघडी जखम सहा. आई वर्णनावरून चौथ्या पायरीवर आहेत. म्हणजे हा दिसण्याचा प्रश्न राहिलेला नाही, आणि म्हणूनच त्या सर्जनचा सल्ला मला बरोबर वाटतो. अजून दोन वर्षं बघू असं करू नका.

आता जळवा आणि अशुद्ध रक्त. शाळेत आपल्याला शुद्ध-अशुद्ध शिकवलं त्यामुळे लोकांना वाटतं शिरेत काहीतरी घाण आहे जी काढून टाकली पाहिजे. शिरेतलं रक्त म्हणजे तेच रक्त, फक्त त्यातला काही ऑक्सिजन वापरला गेलेला. आरामात असताना साधारण पाऊण हिस्सा ऑक्सिजन तर त्यात अजून शिल्लक असतो. रंग गडद लाल असतो, लॅबमध्ये नळीत बघितलाय ना, निळा मुळीच नसतो. कातडीतून प्रकाश ज्या पद्धतीने आत जातो आणि परत येतो त्यामुळे शीर आपल्याला निळी दिसते, एवढंच. आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत हेच कमी ऑक्सिजनचं रक्त असतं, तिथून परत येणाऱ्या शिरेत ऑक्सिजनने भरलेलं, त्यामुळे धमनी म्हणजे शुद्ध आणि शीर म्हणजे अशुद्ध हे गणित तसंही जमत नाही. हृदयापासून लांब नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर.

एक जळू ५-१० मिली रक्त पिते. ते गेलं तरी झडप तशीच गळकी राहणार, आई उभ्या राहिल्या की काही सेकंदांत शीर परत भरणार. जळवांचा खरा उपयोग आहे, प्लास्टिक सर्जन तुटलेलं बोट परत जोडल्यावर त्यातलं रक्त बाहेर पडायला शिरा तयार होईपर्यंत कधीकधी जळवा लावतात, तिथे तो तात्पुरता रस्ता असतो. पण आईंच्या कातडीची जी अवस्था आहे तिच्यावर जळूचा चावा म्हणजे न भरणाऱ्या जखमेला आमंत्रण, त्यामुळे मामांना माझ्यातर्फे हात जोडून नाही सांगा.

तेलाने हलक्या हाताने, खालून वर, मालिश करायला हरकत नाही, कोरडी कातडी मऊ राहते आणि खाज कमी होते, खोबरेल तेल चालेल. रगडणं मात्र नको. शिरेत गुठळी असेल तर जोर लावणं धोक्याचं आहे. आणि कुठलंही तेल झडप दुरुस्त करत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्याही मेडिकलमधून आणून देऊ नका, रक्त घट्ट आहे म्हणून हे झालेलं नाहीये.

लेसरमध्ये नक्की करतात काय, तर गुडघ्याच्या आसपास सुईने शिरेत शिरून एक बारीक तार जांघेपर्यंत नेतात, सोनोग्राफीवर बघत बघत. टोक आतल्या शिरेपासून साधारण दोन सेंटीमीटर अलीकडे थांबवतात. शिरेच्या भोवती भूल मिसळलेलं भरपूर पाणी सोडतात, त्याने दुखत नाही, आजूबाजूचं भाजत नाही आणि शीर आकसते. मग तार तापवत तापवत खाली ओढतात, शीर आतून भाजून चिकटते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर तिला विरघळवून टाकतं. पेशंट त्याच दिवशी चालतो, चालायलाच लावतो आम्ही. रेडिओफ्रिक्वेन्सी हा जवळपास तोच प्रकार, उष्णतेचा सोर्स वेगळा. फेसाचं इंजेक्शन आणि ग्लू हेही पर्याय आहेत, आणि जुनं ऑपरेशन, शीर बांधून ओढून काढायचं, ते चांगल्या हातात आजही चांगलं काम करतं, लेसर परवडत नसेल तर त्याला कमी समजू नका. जखम असलेल्या पेशंटमध्ये सुद्धा वाट न बघता लवकर शीर बंद केली तर फायदा होतो हे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० पेशंटच्या एव्हरा अभ्यासात दिसलं, लवकर केलेल्यांची जखम भरायला ५६ दिवस आणि थांबलेल्यांची ८२ दिवस, मधला आकडा धरून.

तुमच्या मूळ प्रश्नाचा सगळ्यात मोठा पुरावा मात्र हार्टच्या ऑपरेशनमध्ये आहे. बायपासमध्ये हीच सॅफेनस शीर पायातून काढून हृदयावर लावतात, १९६७ पासून, जेव्हा फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने क्लीव्हलंडमध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हापासून लाखो लोकांच्या पायातून ती गेली आणि पाय व्यवस्थित चालू आहेत. गंमत म्हणजे लावताना ती उलटी करून लावतात, नाहीतर झडपाच रक्त अडवतील. यावर पुढचा प्रश्न येतोच की मग आत्ता जाळून टाकली आणि उद्या बायपास लागली तर? फुगलेली वेडीवाकडी शीर बायपासला चालतच नाही. दुसऱ्या पायाची असते, हातातली धमनी असते, आणि छातीच्या आतल्या बाजूची धमनी तर शिरेपेक्षा जास्त वर्षं टिकते.

पण एक अट आहे, आणि ती महत्त्वाची आहे. आतली शीर मोकळी पाहिजे. कोणाला पूर्वी आतल्या शिरेत गुठळी होऊन ती बंद पडली असेल तर बाहेरची फुगलेली शीर हाच त्याचा परतीचा रस्ता असू शकतो, ती बंद केली तर पाय आणखी सुजेल. म्हणून डॉपलरशिवाय शीर बंद करू नये, आणि नुसतं बघून लेसर सुचवणाऱ्याकडे जाऊ नये.

स्टॉकिंग बाहेरून दाब देतात, शीर अरुंद होते, झडपेच्या पाकळ्या थोड्या जवळ येतात आणि पाणी झिरपणं कमी होतं. साधारण २०-३० मिलिमीटर दाबाचे लागतात, घोट्याशी जास्त आणि वर कमी, मापाने घेतलेले. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी घालायचे, कारण एकदा उभं राहिलं की शिरा भरल्या. एप्रिल-मे मध्ये शेगडीपुढे हे घालणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, निम्मे पेशंट उन्हाळ्यात काढून ठेवतात, म्हणून मी म्हणतो की मूळ गळती बंद करा म्हणजे आयुष्यभर त्यांच्यावर अवलंबून राहावं लागत नाही. क्रेप बँडेज गुडघ्याखाली करकचून आणि घोट्याशी सैल असं बांधू नका, रक्त आणखी अडतं.

आणि स्टॉकिंगच्या आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या, आईंना डायबेटीस असेल किंवा तंबाखू-मशेरीची सवय असेल तर नक्कीच. धमनीचा आजार म्हणजे रक्त पोचतच नाहीये, त्यावर वरून दाब दिला तर बोटं काळी पडू शकतात. फरक ओळखायचा सोपा मार्ग असा: शिरेच्या आजारात उभं राहून दुखतं, जड होतं, पाय वर केला की बरं वाटतं. धमनीच्या आजारात चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, पाऊल गार असतं, आणि रात्री पाय खाटेखाली लोंबकळता ठेवला की बरं वाटतं. डॉक्टरला पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी बघायला सांगा, त्याला एक मिनिट लागतं. डायबेटीसमध्ये धमन्या कडक झाल्याने पायाचं बीपी खोटं जास्त दाखवू शकतं, तेही त्यांना माहीत असतं.

कामावर काय करायचं, तर उभं राहणं टळत नसेल तर निदान स्थिर उभं राहू नका. पोळी तव्यावर टाकली की चार-पाच वेळा टाचा वर-खाली करा. दर अर्ध्या-पाऊण तासाला दुकानात एक चक्कर. पोळ्या लाटायला उंच स्टूल ठेवा, बसून टाचा हलवता येतात. दुपारी गर्दी ओसरली की वीस मिनिटं आडवं होऊन पाय भिंतीला लावून छातीच्या वर, नुसते खुर्चीवर ठेवून भागत नाही, हृदयापेक्षा वर पाहिजेत. खाजवू नका, नखं कापलेली ठेवा.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असू द्या. एक, फुगलेली शीर कधी फुटली, बाथरूममध्ये बऱ्याचदा होतं, दुखत पण नाही आणि रक्ताची धार लागते, तर त्यांना तिथेच आडवं करा, पाय वर उचला आणि स्वच्छ कापड फुटलेल्या जागेवर दहा मिनिटं दाबून धरा. उभं असताना तिथे ९० चा दाब आहे, झोपवून पाय वर केला की जवळपास शून्य, त्यामुळे ते सहसा थांबतं. दोरीने आवळू नका आणि त्यांना खुर्चीत बसवून रिक्षा शोधत बसू नका, माणसं यात दगावलेली आहेत. दोन, एकच पाय एकदम सुजला, पोटरी घट्ट झाली आणि दुखायला लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा झोपून असताना, तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. बरोबर अचानक दम लागला, छातीत दुखलं तर गुठळी फुप्फुसात गेली असू शकते, तेव्हा सरळ मोठ्या हॉस्पिटलला. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हार्ट, किडनी, लिव्हर बघावं लागतं, ती वेगळी गोष्ट.

परत होतं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचाराल. बंद केलेली शीर सहसा बंदच राहते, पण काही वर्षांनी दुसरी एखादी फांदी फुगू शकते कारण भिंती सैल असणं हा मूळचा स्वभाव आहे. तेव्हा त्या फांदीपुरतं इंजेक्शन बऱ्याचदा पुरतं. काळा डाग पूर्ण जाईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, तो फिका होतो, खाज आणि जडपणा मात्र खरोखर जातो.

डॉपलरला जाल तेव्हा शिरांचा डॉपलर म्हणून सांगा, धमन्यांचा वेगळा असतो. तो उभं राहूनच करून घ्या, झोपवून केला तर उलटं येणारं रक्त बऱ्याचदा दिसत नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, असे रिपोर्ट घेऊन फिरणारे पेशंट मी खूप बघितलेत. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: आतली शीर मोकळी आहे असं स्पष्ट लिहिलंय का, जांघेशी रक्त उलटं येतं का आणि किती वेळ (कातडीखालच्या शिरेत अर्ध्या सेकंदाच्या वर असेल तर झडप गळकी धरतात), आणि काळ्या डागाच्या जवळ कुठली जोडशीर गळतेय का. यातलं काही लिहिलेलं नसेल तर बिल द्यायच्या आधी तिथेच सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.